कावळ्याच्या माठात पाणी किती होतं?

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. माठाच्या तळाशी थोडंसं पाणी, तिथवर चोच पोहोचत नाही, मग कावळा एकेक खडा आणून टाकतो, पाणी वर येतं, तो पोटभर पितो आणि भुर्रकन उडून जातो. आता हीच गोष्ट स्वयंपाकघराच्या ओट्यावर करून बघा. काचेचा उभा ग्लास घ्या, त्यात पाव ग्लास पाणी घाला आणि बोराएवढे खडे धुऊन एकेक करून टाकत जा. खडे काठापर्यंत येतील. पाणी मात्र येणार नाही. ग्लासाच्या अर्ध्याहून थोडं वर, खड्यांच्या फटींत ते अडकून बसेल.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. ती ग्लासाकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "आई, गोष्ट खोटी आहे." मी विचारलं, "गोष्ट खोटी आहे, की आपण पाणीच कमी घेतलं?" पुढचे दोन दिवस आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

खडे कितीही दाटीवाटीने भरले तरी एकमेकांना सगळीकडून चिकटून बसत नाहीत, मधे फटी राहतातच. त्या फटी किती आहेत हे मोजता येतं. रिकाम्या ग्लासात किती पाणी मावतं ते आधी औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने मोजायचं. मग ग्लास पुसून खड्यांनी काठोकाठ भरायचा आणि पुन्हा झाकणाने पाणी ओतायचं. प्रत्येक झाकणाला कागदावर एक रेघ. आमच्या ग्लासात आधी १० मिलीची ३० झाकणं मावली होती. खडे भरल्यावर १२ मावली आणि तेरावं सांडलं. म्हणजे खड्यांनी भरलेल्या ग्लासातही शंभरातला चाळीसेक हिस्सा मोकळाच असतो. हा मोकळा भाग आधी भरेल एवढं पाणी असेल, तरच पाणी काठाला लागणार. कावळ्याची चोच थोडी आत जाते, म्हणून त्याला अगदी काठापर्यंत नको, पण माठ निदान तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त तरी भरलेला हवाच. मुलीने पेन्सिल घेतली, पुस्तकातलं चित्र उघडलं आणि चित्रकाराने तळाशी दाखवलेल्या पाण्याच्या बरंच वर एक रेघ मारली. "इथपर्यंत पाहिजे होतं."

ती रेघ मला फार मोलाची वाटते. पुस्तकातून उपक्रम करायचा म्हणजे काय, हे मला तिच्यामुळे कळलं. हातांनी काहीतरी करून झाल्यावर मूल आपणहून पुस्तकाकडे परत गेलं, तर तो उपक्रम त्या पुस्तकाचा. परत गेलं नाही, तर ती नुसती कागदकाम-चिकटकामाची दुपार. तसल्या दुपारीही छान असतात, आमच्याकडे भरपूर होतात. पण काळ्या कागदाचा कावळा कापून त्याला डोळा चिकटवल्याने गोष्टीतलं काही नव्याने समजत नाही. कावळ्याची अडचण आपली झाली तर समजतं.

म्हणून पुस्तक वाचताना मी उपक्रम शोधत नाही, शंका शोधते. हे खरंच असं होईल का? याला किती वेळ लागला असेल? हा कुठून कुठे गेला? त्याने हे कशाचं बनवलं? मूल स्वतःच विचारत असेल तर उत्तमच. नसेल विचारत तर मी एखादं वाक्य हळू वाचते आणि थांबते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

कावळ्याचं प्रकरण अजून संपलं नव्हतं. खड्यांबरोबर रेती टाकली तर? रेती मोठ्या खड्यांच्या फटींत जाऊन बसते, मोकळी जागा कमी होते आणि पाव ग्लास पाणीही बरंच वर चढतं. फक्त ते इतकं गढूळ होतं की कावळाही प्यायचा नाही. खड्यांऐवजी बुचं टाकली तर? ती तरंगतात, स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतात, म्हणून पाणी जेमतेम हलतं. या सगळ्यासाठी विज्ञानाचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

खरे कावळे हे करतात का, हा प्रश्न येणारच होता. त्याचं उत्तर आहे. केंब्रिजचे ख्रिस्तोफर बर्ड आणि लंडनचे नेथन एमरी या संशोधकांनी २००९ साली रूक जातीच्या कावळ्यांसमोर पाण्याची उभी नळी ठेवली. पाण्यावर एक किडा तरंगत होता, पण चोच पुरत नव्हती. कावळ्यांनी दगड टाकून पाणी वर आणलं आणि किडा खाल्ला. लहान आणि मोठे असे दोन्ही दगड ठेवल्यावर ते मोठे दगड निवडायला शिकले. पुढे २०१२ मध्ये केंब्रिजच्याच संशोधकांनी अशीच कोडी मुलांना घातली. आठ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांना ती पहिल्याच खेपेला सुटली. पाच ते सात वर्षांच्या मुलांना पक्ष्यांसारखंच काही वेळा करून बघत शिकावं लागलं. माझ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने कॅलेंडर काढून आठ पूर्ण व्हायला किती दिवस उरलेत ते मोजलं.

अमेरिकेत, जिथे घरी शिकणारी मुलं लाखांनी आहेत, तिथे पुस्तकाभोवती शिकण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. जेन क्लेअर लॅम्बर्ट यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली 'फाइव्ह इन अ रो' ही त्यांतली बरीच वापरली जाणारी. एकच चित्रपुस्तक सलग पाच दिवस वाचायचं आणि रोज त्याच्याकडे वेगळ्या बाजूने बघायचं. एक दिवस गोष्टीतला प्रदेश आणि माणसं, एक दिवस भाषा, एक दिवस चित्रं, मग गणित, मग विज्ञान. ऐकायला हे वेळापत्रकासारखं वाटतं, पण त्यातलं 'पाच दिवस तेच पुस्तक' हे मला अगदी पटतं. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हापुन्हा हवी असते. कंटाळतो ते आपण. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला मूल चित्राच्या कोपऱ्यातली गोम पाहायला लागतं आणि चांगल्या शंका तिथून निघतात.

दुसरी एक जुनी रीत शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची. वाचून झालं की मुलाने गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगायची. प्रश्नोत्तरं नाहीत, तात्पर्य नाही. आपल्या आज्यांना हे माहीत होतं. "आता तू सांग बघू" एवढंच त्या म्हणायच्या. मूल कुठे रेंगाळतं आणि काय गाळतं ते ऐकलं की उद्या हातात काय द्यायचं ते आपोआप समजतं.

आणि सामान? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे अशी तिथेच मिळणारी साधनं त्यांनी वापरली. मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर नेली. दुकानातली 'अ‍ॅक्टिव्हिटी किट' घ्यावीशी वाटली की मी कुरणावरच्या त्या शाळेची आठवण काढते आणि आधी घरातले डबे धुंडाळते.

आता एक अगदी घरची गोष्ट. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो चिऊच्या दाराशी येतो. आम्ही दोन्ही घरं बांधली. शेण मिळालं नाही तर माती चालते, पण गोवऱ्या थापणारं कोणी जवळपास असेल तर शेणच आणा, त्याची गंमत निराळी. मेण उरलेल्या मेणबत्त्यांचं. ते वितळवायचं काम मोठ्यांनी करायचं, तेही भांडं गरम पाण्यात ठेवून. मग झारीने पाऊस पाडला. काऊचं घर विरघळलं, चिऊचं टिकलं, गोष्ट बरोबर निघाली. दोन्ही घरं पुन्हा बांधली आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ठेवली. संध्याकाळपर्यंत शेणाचं घर वाळून टणक झालं होतं आणि मेणाचं एका बाजूला कलंडलं होतं.

"म्हणजे उन्हाळ्यात चिऊने काऊकडे जायला पाहिजे," मुलगी म्हणाली. तिथून दुसरी गोष्ट सुरू झाली. आता दार वाजवते चिऊ, आणि आत काऊ आहे. तो लगेच दार उघडेल की "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालतोय" म्हणेल? ती गोष्ट तिने सांगितली, मी लिहून घेतली, आणि काऊने काय केलं हे ठरवायला तिला चार दिवस लागले. आजीने मधेच सांगितलं की तिच्या माहेरी जमीन शेणाने सारवायचे आणि ती रोजच्या पायाखाली टिकायची. मग शेणात गवताचे बारीक धागे असतात, ते मातीला धरून ठेवतात, हेही बोलणं झालं. खरा कावळा घर काटक्यांचं आणि तारांचं बांधतो, चिमणी भिंतीतल्या पोकळीत गवत-पिसं भरते. ते खिडकीतून दिसतंच.

सगळ्यात जास्त दिवस चाललेलं पुस्तक म्हणजे एरिक कार्ल यांचं १९६९ सालचं, भुकेल्या अळीचं. छिद्रं पाडलेल्या पानांचं हे पुस्तक पुष्कळ मराठी घरांतही असतं. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दहा पदार्थ खाऊन तिचं पोट दुखतं आणि रविवारी एका हिरव्या पानाने बरं वाटतं. आठवड्याच्या एकूण गोष्टी किती? बिया मांडून मोजल्या तर २६.

आमची पहिली दुपार या अळीला मराठी करण्यात गेली. एक केळं, दोन पेरू, तीन चिकू, चार सीताफळं, पाच बोरं. जाड कागदावर फळं रंगवली आणि पंचिंग मशीनने छिद्रं पाडली. भाषेची गंमत इथे आहे. केळं-केळी, सीताफळ-सीताफळं, बोर-बोरं बदलतात, पण पेरू आणि चिकू दोन झाले तरी तसेच राहतात. का? मुलीने घरातल्या सगळ्या भाज्या-फळांच्या दोन रांगा केल्या, बदलणारे आणि न बदलणारे. आंबा बदलणाऱ्यांत, लिंबू बदलणाऱ्यांत, लाडू न बदलणाऱ्यांत. व्याकरणाचा धडा म्हणून हे शिकवलं असतं तर पाच मिनिटांत जांभया आल्या असत्या.

मग खरी अळी. त्यासाठी घरात कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं झाड पुरे, कुंडीतलंसुद्धा. काळ्या-पिवळसर ठिपक्यांचं एक फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालतं. ते मोहरीहून लहान, फिकट पिवळं आणि गोल असतं. त्यातून निघालेली अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मधे पांढरा डाग. ते तिचं सोंग आहे. पक्षी तिला खायचा विचारच करत नाही. मोठी झाली की ती हिरवीगार होते, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि तिला डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. या अळीला केस नसतात. केसाळ असतो तो सुरवंट, त्याला हात लावला की खाज सुटते. हा फरक मुलांना आधी दाखवून ठेवावा.

रुंद तोंडाची बरणी, तळाशी वर्तमानपत्राचा कागद, वर मलमलीचं फडकं आणि रबरबँड. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत कढीपत्त्याची डहाळी आणि बाटलीच्या तोंडाला कापूस, नाहीतर अळी पाण्यात पडते. रोज ताजी पानं, रोज सफाई. पानं घरच्याच झाडाची घ्या. बाजारच्या कढीपत्त्यावर औषध फवारलेलं असू शकतं आणि अळ्या एका रात्रीत मरतात. आमची पहिली अळी तशीच गेली. चूक माझीच होती आणि मुलगी खूप रडली.

मोजण्यासारखं फार असतं. पान अळीला देण्याआधी चौकटीच्या कागदावर ठेवून त्याची कड गिरवायची. दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्याच चित्रावर ठेवायचं आणि मधल्या चौकटी मोजायच्या. सुरुवातीला दिवसाला दोन-तीन चौकटी, शेवटी-शेवटी पानंच्या पानं. अळीची लांबी दोऱ्याने मापायची. ती वाढताना चार वेळा कात टाकते, बऱ्याचदा ती कात खाऊनही टाकते. मग एक दिवस खाणं बंद. ती काडीवर चढते, शेपटीकडे चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून घेते आणि शेवटची कात टाकून कोष होते. कोष हिरवा असेल की तपकिरी, हे बरंचसं भोवतालावर ठरतं.

इथे पुस्तक पुन्हा उघडायचं. पुस्तकातली अळी स्वतःभोवती घर बांधते, मग त्याला भोक पाडून बाहेर येते. आपल्या बरणीत तसं काही दिसलं नाही. अळीने घर विणलंच नाही, तिची कात निघाली आणि आत कोष तयारच होता. रेशमाचं घर विणतात ते बहुतेक पतंग. भंडारा-गडचिरोलीकडे टसर रेशमासाठी जो कोसा गोळा करतात तो तसा. मराठीत दोन्हीला आपण कोष म्हणतो, म्हणून हा फरक मराठी मुलाच्या सहज नजरेआड होतो. रिकामा कोसा हातात घेतला आणि शेजारी फुलपाखराचा पातळ, कागदी कोष ठेवला की पुन्हा सांगावं लागत नाही.

साधारण आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू निघतं. चुरगळलेले ओले पंख तासाभरात ताठ होतात. तेवढा वेळ कोणी हात लावायचा नाही. एखादा रंगीत थेंब खाली पडतो, ते रक्त नाही, कोषातला मळ आहे, हे आधीच सांगून ठेवा. आणि एक तयारी हवी. कधीकधी कोषातून फुलपाखरू येतच नाही, बारीक गांधीलमाश्या येतात. त्यांच्या आईने कोषात आधीच अंडी घातलेली असतात. आमच्या तिसऱ्या बरणीत असं झालं. पुस्तकात हे पान नाही. मुलीने ते स्वतः काढलं आणि तिच्या मराठी अळीच्या पुस्तकात शेवटून दुसरं म्हणून शिवलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, त्यामुळे प्रत्येक अळी वाढवताना 'हीच का ती' असं वाटत राहतं.

घरीच शिकवत असाल तर नोंदींची एक वही ठेवा. तारीख, पुस्तक, मुलाची शंका त्याच्याच शब्दांत, काय केलं, काय निघालं. भाषा, गणित, परिसर असे विषय पालकांनी मागाहून समासात लिहावेत, मुलाला त्याची गरज नसते. कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो, घरी शिकवण्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही. घरी शिकणारी बरीच मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देतात, त्याला किमान वय १४ लागतं. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचे स्वतः पाहून घ्या. आणि मूल शाळेत जात असेल तरी शनिवारची दुपार असतेच.

दोन चुका मी पुष्कळदा केल्या. एक म्हणजे घाईने उत्तर देणं. फटींची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगून टाकली असती तर ती झाकणं कोणी मोजली नसती. दुसरी म्हणजे एका पुस्तकातून दहा उपक्रम पिळून काढणं. तसं केलं की मूल पुस्तक बघूनच पळतं. एक शंका पुरे. काही पुस्तकं तर नुसती मांडीवर बसून वाचायची असतात, त्यांना हात लावू नये.

सध्या आमच्याकडे भोपळ्यातली म्हातारी चालू आहे. वाघाला चुकवून ती भोपळ्यात बसते आणि टुणुक टुणुक घरी येते. मुलीचा प्रश्न असा, की भोपळा टुणुक टुणुक जातो की गडगडतो, आणि गडगडत असेल तर आत म्हातारी उलटीपालटी होत नाही का? काल मंडईतून साडेतीन किलोचा लाल भोपळा आणला आहे. तो कोरून बिया धुऊन दहा-दहाच्या ढिगात वाळत घातल्यात, आतल्या गराची भाजी झाली. उद्या सकाळी कापडी बाहुली आत बसवून, सोसायटीच्या उतारावर, खाली गादी टाकून तो सोडायचा आहे.